मदत हवी आहे: आजोबांच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरची ओळख आणि किंमत कशी ठरवावी?

नौपाडेकर
नमस्कार. आमच्या आजोबांच्या नावावर एक जुने वेब्ली रिव्हॉल्व्हर आहे. घरात वाटणीचे काम सुरू असून चुलतभाऊ महिनाअखेरीस कॅनडाला परतणार असल्यामुळे वाटणीपत्रात त्याची किंमत तातडीने लिहायची आहे. वस्तू अस्सल इंग्लंडची आहे, सहा गोळ्यांची आहे, वरची खिटी दाबली की नळी खाली झुकून उघडते आणि मुठीच्या तळाशी दोरी अडकवण्याची कडी आहे. अशा दुर्मीळ वस्तूला संग्राहक आज काय भाव देतात, एवढेच सांगावे. कायद्याचे व्याख्यान नको, ते वकिलांकडून ऐकून झाले आहे.

जुनी_नाणी
मी नाणी जमवतो, परंतु नियम तोच आहे. वस्तू कोणत्या अवस्थेत आहे यावरच भाव ठरतो. मूळ निळसर झिलई किती शिल्लक आहे, मुठीच्या पट्ट्या मूळच्या आहेत का, आणि सांगाड्यावरचा व गोळ्यांच्या चक्रावरचा क्रमांक जुळतो का, हे पाहावे. परदेशी लिलावगृहांना छायाचित्रे पाठवून अंदाज मागवा. चुलतभाऊ जातच आहेत, तर वस्तू त्यांच्यासोबत पाठवली तरी चालेल.

वाशीचा_वकील
वरील सल्ल्यातील शेवटचे वाक्य कृपया कोणी मनावर घेऊ नये. विमानतळावर सामानात रिव्हॉल्व्हर सापडले, तर वाटणीचा प्रश्न आपोआप मागे पडेल. नौपाडेकर, आपल्याला व्याख्यान नको आहे हे मान्य, परंतु तीन गोष्टी सांगितल्याशिवाय कोणी आकडा दिला तर तो हवेतला असेल. बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचे माप, कोणता? परवाना कोणाच्या नावावर आणि कधीपर्यंतचा? आणि वस्तू या क्षणी आहे कुठे?

ऐरोली_सेक्टर_आठ
एवढे घाबरवायचे कारण नाही. शंभर वर्षांपेक्षा जुने हत्यार पुरातन वस्तू ठरते आणि त्याला परवाना लागत नाही. वेब्ली पहिल्या महायुद्धातले असणार, म्हणजे प्रश्नच मिटला.

वाशीचा_वकील
आपण अमेरिकेतील नियम भारतात आणत आहात. तेथे १८९८ पर्यंत बनलेल्या हत्यारांना पुरातन म्हणून सवलत आहे. आपल्याकडील शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये सवलत आहे ती जुनाट किंवा पुरातन मूल्याच्या अशा हत्याराला, जे दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून चालू शकणार नाही. केवळ वय झाले म्हणून कोणतेही रिव्हॉल्व्हर त्यात बसत नाही. शंभर वर्षांची अट आहे ती पुरावशेषांच्या १९७२ च्या कायद्यात, आणि त्या कायद्याने सवलत मिळत नाही, उलट परदेशी नेण्यावर बंदी येते.

माजी_सुभेदार_कळवा
वेब्ली म्हटले की सगळ्यांना पहिले महायुद्ध आठवते. त्या काळातले प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर म्हणजे मार्क सहा, म्हणजेच सहावी आवृत्ती. ते १९१५ मध्ये आले, .४५५ बोअरचे, सहा इंची नळीचे आणि चौकोनी मुठीचे होते. १९२१ नंतर त्याचे उत्पादन एनफील्डच्या सरकारी कारखान्यात गेले. पुढे सैन्याने हलका .३८ बोअर स्वीकारला आणि दुसऱ्या महायुद्धात एनफील्ड नंबर दोन व वेब्ली मार्क चार ही दोन्ही वापरली गेली. गोंधळ होतो तो येथेच, कारण मार्क चार नागरिकांसाठी .३२ बोअरमध्येही विकले जात असे आणि लांबून ही भावंडे एकसारखी दिसतात. कडीवरून लष्करी बनावटीचा संशय येतो, खात्री होत नाही. नळीच्या वरच्या पट्टीवर आणि सांगाड्याच्या बाजूवर जे कोरले आहे ते शब्दशः लिहून पाठवा.

खोपटचा_बाळ्या
गंज असेल तर रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून सकाळी पॉलिश पेपरने घासावे. आमच्या वडिलांची ठासणीची बंदूक अशीच चकचकीत केली होती.

माजी_सुभेदार_कळवा
बाळासाहेब, गंजाबद्दल कोणी विचारलेले नाही, आणि हा उपाय कोणी करूही नये. पॉलिश पेपरने झिलईबरोबर कोरलेली अक्षरे आणि परीक्षणाचे ठसेही जातात. ओळख पटवायला नेमके तेच हवे असतात.

नौपाडेकर
रिव्हॉल्व्हर घरात नाही. निवडणुकीच्या वेळी आजोबांनी ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केले, त्यानंतर त्यांचे निधन झाले आणि ते अजून तेथेच आहे. हे मी आधी लिहिले नाही, कारण प्रश्न किमतीचा होता. माझ्याकडे परवान्याची पुस्तिका, जमा केल्याची पावती आणि खंडेनवमीच्या पूजेचा एक फोटो आहे. परवान्यात ‘वेब्ली अँड स्कॉट, .३२’ असे शाईने लिहिले आहे आणि पावतीवर ‘वेब्ली .३८’ असे आहे. फोटो मोठा करून पाहिला. पाटावर रिव्हॉल्व्हर कट्यारीच्या शेजारी ठेवलेले आहे आणि नळीच्या पट्टीवर नेमके जेथे आकडे असावेत तेथेच हळदकुंकवाची बोटे उमटली आहेत. त्यामुळे फक्त ‘मार्क’ आणि पुढचा रोमन आकडा कसाबसा वाचता येतो. तो चार असावा. मुठीच्या पट्ट्या काळ्या आहेत.

वाशीचा_वकील
म्हणजे हत्यार कायदेशीर ठिकाणी आहे, ही पहिली चांगली बातमी. परंतु परवाना आणि पावती यांतील तफावत लिहिताना झालेली चूक समजून सोडून देऊ नये, कारण आपल्या साऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या एका आकड्यात आहे. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीनुसार .३८० किंवा .४५५ ची रिमवाली (तळाशी बाहेर आलेली कडा असलेली) काडतुसे ज्यात बसतात आणि उडतात अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. लष्करी वेब्लीचे .३८ काडतूस म्हणजे तेच .३८०. तसे असेल, तर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या परवानगीविना ते कोणाच्याही नावावर चढत नाही. .३२ असेल, तर ते अप्रतिबंधित आहे आणि वारसाच्या परवान्यासाठी ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज करता येतो.

जुनी_नाणी
पण मग संग्राह्य मूल्य कोणते? .३८ लष्करी असेल, तर इतिहास अधिक, म्हणून किंमतही अधिक असली पाहिजे.

माजी_सुभेदार_कळवा
इंग्लंड-अमेरिकेत आपले म्हणणे बरोबर ठरेल. तेथे ‘वॉर फिनिश’ हा युद्धकाळातील बनावटीचा ठसा, सरकारी मालमत्तेचा बाण आणि जुळणारे क्रमांक पाहून लोक पैसे मोजतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या काडतुसासाठी चक्र तासून घेतलेल्या मार्क सहाची किंमत उतरते. आपल्याकडे गणित उलटे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच हत्यारे ठेवता येतात, मग संग्रह करणार कोण? परदेशी .३२ ला येथे भाव मिळतो तो वयामुळे नव्हे, तर गेली कित्येक वर्षे आयात जवळजवळ बंद असल्यामुळे. ज्याच्याकडे परवाना आहे, त्याला कानपूरच्या सरकारी .३२ ऐवजी वेब्ली हवे असते, म्हणून तो जास्त मोजतो. त्याच वेब्लीचे .३८ भावंड अधिक देखणे आणि अधिक ऐतिहासिक असले, तरी त्याला गिऱ्हाईक मिळणे कठीण.

ऐरोली_सेक्टर_आठ
एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवे .३२ घ्यावे. परवान्याच्या अर्जाची प्रक्रिया मी सविस्तर लिहू शकतो.

घोडबंदरची_सुनीता
त्यांना नवे घ्यायचे नाही हो. नौपाडेकर, आमच्याकडे सासऱ्यांच्या बाराबोर बंदुकीच्या बाबतीत असेच झाले होते. आम्ही किमतीत अडकून राहिलो आणि मुदतीकडे दुर्लक्ष होता होता राहिले. जमा केलेले हत्यार तेथे कायमचे सुरक्षित असते, असे समजू नका.

वाशीचा_वकील
सुनीताताईंचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. कलम २१ नुसार मृत परवानाधारकाच्या कायदेशीर प्रतिनिधीला जमा हत्यार, बाळगण्याचा हक्क मिळाल्यावर, परत घेता येते किंवा हक्कदार व्यक्तीला विकून पैसे घेता येतात, परंतु विहित मुदतीत. त्यानंतर ते सरकारजमा होऊ शकते, आणि मग आपण वाटणीपत्रात लिहिलेल्या आकड्याला काहीच अर्थ उरणार नाही. परवाना शाखेला निधनाची लेखी कल्पना दिली आहे का? पुस्तिकेवर यूआयएन, म्हणजे विशिष्ट ओळख क्रमांक आहे का?

नौपाडेकर
पुस्तिकेवर जुना जिल्हाधिकारी कार्यालयाचा शिक्का आहे आणि मागच्या पानावर यूआयएनही आहे. निधनाची कल्पना मात्र काकांनी दिली की नाही, ते विचारावे लागेल. विक्रेत्याशी आज दूरध्वनीवर बोललो. उद्या पावती घेऊन गेल्यास ते समोर ठेवून अक्षरे वाचून दाखवणार आहेत. तरीही एक अंदाजे आकडा मिळाला असता, तर बरे झाले असते.

माजी_सुभेदार_कळवा
त्यांनाच हात लावू द्या, आपण फक्त लिहून घ्या. पट्टीवरचा बोअर, सांगाड्यावरचा व चक्रावरचा क्रमांक आणि परीक्षणाचे मुकुटाचे ठसे, सगळे जसेच्या तसे. .३२ निघाले, तर त्याच विक्रेत्याकडून लेखी मूल्यांकन मागा, कारण येथील आमच्या आकड्यापेक्षा गिऱ्हाईक गाठून देणाऱ्याचा आकडा वाटणीपत्रात टिकेल. .३८ निघाले, तर रकमेचा रकाना रिकामा ठेवून ‘परवानगीच्या अधीन’ असे लिहिण्यापलीकडे वकीलसाहेब काही सुचवतील असे मला वाटत नाही.

वाशीचा_वकील
नेमके तेच सुचवणार होतो. फक्त काकांना उद्याच्या आधी विचारा.