सरकारी मदतीच्या पैशात कोल्ड्रिंक चालावं का? सोलापूरकरांनो बोला

पूर्वभाग_किराणा
नमस्कार मंडळी. मावसभाऊ नेब्रास्काला असतो, परवा फोनवर सांगत होता की तिकडं सरकार गरिबांच्या कार्डावर खाण्यासाठी पैसे टाकतं, स्नॅप म्हणतात, पूर्वीचे फूड स्टॅम्प, आणि १ जानेवारी २०२६ पासून त्यांच्या राज्यात त्या कार्डावर सोडा म्हणजे आपलं कोल्ड्रिंक नि एनर्जी ड्रिंक बंद. परवानगी मिळालेलं ते पहिलं राज्य, मागनं आयोवा, इंडियाना, युटा अशी रांगच लागली. दारू-सिगारेट आधीपासूनच चालत नव्हती. आता माझं दुकान पूर्व भागात, लाडक्या बहिणीचे १५०० जमा झाले की संध्याकाळपर्यंत चिप्स-कुरकुऱ्यांच्या पुड्यांच्या माळा मोकळ्या. धंदाच आहे माझा, नाही कशाला म्हणू. पण आपल्याकडं असा नियम यावा का? राजकारण नको.

मालदांडी
राजकारण नको म्हणता आणि लाडकी बहीण काढता, वा! ते पैसे खाण्यासाठी दिलेलेच नाहीत ओ, बाई गॅस भरेल नाहीतर पोराची फी. खाण्याची मदत म्हणजे रेशन, आणि रेशनवर बंदी घालायला आहेच काय? माणशी ५ किलो गहू-तांदूळ, अंत्योदय म्हणजे सगळ्यात गरिबांच्या कार्डाला घरटी ३५, विषय संपला. उलट २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत आनंदाचा शिधा दिला त्यात काय होतं आठवा, रवा, चणाडाळ, साखर, पामतेल. साखर नि पामतेल सरकारच पिशवीत घालून देणार आणि पोरानं पुडी खाल्ली की आपण बोंबलणार. २०१३ च्या कायद्यात तांदूळ ३, गहू २ आणि भरड धान्य १ रुपया किलो असं लिहिलंय, २०२३ पासून तेही फुकट, पण ज्वारी किती वेळा बघितली रेशनला? मालदांडी ३५-१ वाण आपल्या मोहोळचं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, आणि भाकरी खाणाऱ्याला देताय गहू.

थंब_उठत_नाही
बंदी पाहिजेच. कोल्ड्रिंकवर आता ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे सरकार स्वतः त्याला तंबाखूच्या पंगतीत बसवतंय, मग सरकारच्याच पैशात ते का घ्यायचं? आमच्या घरात शुगरचे दोन पेशंट आहेत, खर्च काय असतो विचारा.

विडी_घरकुल
थंबभाऊ, शुगर आमच्याकडंबी आहे. पण बघा, आई विड्या वळायची, हजार विड्या पुऱ्या करायच्या तर सकाळी चहा-खारीवर भागायचं, भाजी चिरत बसायला वेळ कुणाला. त्यात चैन नव्हती. आणि नियम आला की दुकानात चारचौघांत "हे तुला नाही मिळणार" ऐकायचं कुणी? बाईनंच ना. दुसरं, रेशनचा तांदूळ गल्लीत विकतात म्हणून सगळे बोलतात, पण आमच्या तेलुगू घरांत तो रोज शिजतो, विकायला उरतोय कुठं. हां, एक गंमत आहे, त्यात लोह, फॉलिक अॅसिड, बी१२ घातलेले दाणे मिसळायचे, शंभरात एक, तर शेजारची अक्का "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून ते वेचून टाकायची. चांगलं दिलं तर ते असं, कारण सांगायला कोण येत नाही.

बोरी_पलीकडचा
अमेरिकेत बारकोड मारला की मशीनच नाही म्हणतं, इथं खात्यातले १५०० कुठं गेले कोण बघणार? नियम केला तरी कागदावरच. आणि रोखीची हौस असेल तर आमच्या धाराशिवला या. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांचं धान्य बंद करून २०२३ ला माणशी महिना १५० रुपये सुरू केले, २०२४ ला त्याचे १७० झाले. १७० रुपयांत पौष्टिक काय येतंय ते कुणीतरी मांडून दाखवा.

थंब_उठत_नाही
ते १७० चं माहीत नव्हतं. पण पोरांच्या कोल्ड्रिंकवर माझं मत तेच आहे.

पूर्वभाग_किराणा
ज्वारीचं पटलं, रेशनला डाळ-ज्वारी आली तर माझंच गिऱ्हाईक तुटेल, तरी यावी. माळ मात्र काढत नाही, समोरच्याची दुप्पट लांब आहे.

मालदांडी
काढू नका बे, शाळेच्या बाजूनं तेवढी लावू नका. आणि शेंगाचटणी पाव किलो काय भाव आहे आज?