पाळकीण म्हणजे नक्की कोण?

तापीकाठ (भुसावळ): आमच्या महिला संगतीचा कार्यक्रम आहे, वचन सांगायला ज्या बाई येतायत त्यांची स्वतःची पाळक (चर्चची धर्मगुरू) म्हणून दीक्षा झालीय, नवरा रेल्वेत. मी पत्रिकेत "पाळकीण" टाकलं तर मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका आजोबांनी प्रूफ परत पाठवलं, म्हणे पाळकीण म्हणजे पाळकाची बायको. मग काय लिहू? उद्या सकाळी छापायला द्यायचंय.

जुनीपेटी (नंदुरबार): आजोबा बरोबर आहेत. पाटलीण, वाणीण, तसंच ते. आमच्याकडे "पाळकीनबाई उन्यात" असा आवाज आला की आई चहाचं आधण ठेवायची. पण एक सांगते, त्या पाळकीणबाई पिशवीत पाट्या, पेन्सिलीचे तुकडे आणि मार्काचं शुभवर्तमान घेऊन पाड्यावर जायच्या, बायांना त्यातूनच अक्षरं शिकवायच्या, आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढायच्या. पगार नवऱ्याच्या नावावर. त्यांना नुसतं "पाळकाची बायको" म्हटलं की मला आजही टोचतं.

शब्दवेल (जळगाव): गायक-गायिका, लेखक-लेखिका, म्हणून पाळक-पाळिका. नियम सरळ आहे, सवय नाही एवढंच. लेखिका तरी कुठे आपल्या पणजीला माहीत होती?

केळीबाग (रावेर): पाळिका वाचून लोकांना नगरपालिका आठवेल हो. त्यापेक्षा शास्त्रातलाच, म्हणजे बायबलमधलाच शब्द घ्या ना. रोमकरांस पत्र, अध्याय 16, पहिलीच ओवी, फीबी ही किंख्रियाच्या मंडळीची "सेविका". झालं.

बारीकटाईप (धुळे): ओवी नाही, वचन. आणि सेविका एवढ्यावर झालं नाही. मूळ ग्रीकमधे तिथे दियाकोनोस आहे, स्त्रीलिंगाला वेगळं रूपच नाही, आणि ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल 1 करिंथ 3:5 मधे स्वतःला न् अपुल्लोसला हाच शब्द लावतो. इंग्रजी जुन्या भाषांतरात पौलाला "मिनिस्टर" आणि फीबीला "सर्व्हंट" झालंय. मराठीनं निदान सेवक-सेविका अशी जोडी तरी ठेवली, यात भाषांतराची काही चूक नाही, पुढे आपण "देवाचा सेवक" म्हटलं की झब्बा घातलेला पाळक डोळ्यासमोर आणायला लागलो आणि सेविका म्हटलं की चटया अंथरणारी बाई. साधारण 112 साली रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला लिहितो की ख्रिस्ती लोकांची माहिती काढायला दोन दासींचा छळ केला, त्यांना "मिनिस्त्रे" म्हणत. म्हणजे लॅटिनमधल्या सेविकाच. चटया अंथरणाऱ्यांना पकडून कुणी माहिती काढत नाही.

शहाद्याची_ताई: मी अंगणवाडी सेविका आहे, 19 वर्षं. सेविका शब्द हलका म्हणून नको असेल तर तसं सरळ सांगा, मला वाईट वाटतं. वजन करायचं, पोषण आहार, घरोघर सर्वे, आणि रविवारी मंडळीत भजनाला पेटी मीच धरते.

बारीकटाईप: ताई, शब्द हलका नाहीच, माझं भांडण वापराशी आहे.

जुनाकरार (अमळनेर): सगळे शब्द शोधताय पण 1 तीमथ्य 2:12 कुणी काढत नाही. स्त्रीनं शिकवू नये, शांत राहावं, स्पष्ट लिहिलंय. मग पाळकीण काय न् पाळिका काय.

तापीकाठ: दादा, ते वचन मी लहानपणापासून ऐकतेय, म्हणूनच सांगते. त्याच अध्यायात दुसऱ्या वचनात राजांसाठी प्रार्थना करा म्हणजे आपल्याला शांत आयुष्य मिळेल असं आहे, ग्रीकमधे दोन्हीकडे एकाच मुळाचा शब्द, आणि तिथे "शांत" म्हणजे तोंड बंद असं आपण कुणीच वाचत नाही. आणि 1 करिंथ 11:5 मधे बाया डोकं झाकून प्रार्थना न् संदेश देतायत, गप्प बसून कसा देणार संदेश? शिवाय अख्खं शास्त्र मूळ भाषांतून मराठीत आणलं पंडिता रमाबाईंनी, 1922 ला त्या गेल्या आणि 1924 ला ते छापून आलं. ते काम शिकवणं नव्हे तर काय.

जुनाकरार: भाषांतर वेगळं, वेदी वेगळी. मी मत बदलणार नाही, पण रमाबाईंबद्दल आदर आहेच.

केळीबाग: एक गंमत बघा, आपण चर्चला मंडळी म्हणतो आणि माझे आजोबा आजीला "आमची मंडळी" म्हणायचे. इफिसकरांच्या पाचव्या अध्यायात मंडळी म्हणजे ख्रिस्ताची पत्नी असंच काहीसं नाही का? हे मराठीनंच जुळवलंय. कॅथलिक लोकांच्या "ख्रिस्तसभा"त हे नाही.

शब्दवेल: ते आदरार्थी बहुवचन आहे हो, बायकोचं नाव घ्यायचं नाही म्हणून. जोडू नका.

केळीबाग: वापरात जुळलं म्हणजे जुळलं.

तापीकाठ: पत्रिकेचं कुणी सांगेल का? आजोबा आता "रेव्ह. (रेव्हरंड) सौ." म्हणतायत, आणि ते "सौ." मला खटकतंय.

बारीकटाईप: "सौ." काढा. नुसतं पाळक लिहा. ग्रीकमधला पोइमेन काय, लॅटिनमधला पास्टर काय, दोघांचा अर्थ मेंढपाळच. उत्पत्ति 29 मधे राहेल बापाची मेंढरं घेऊन विहिरीवर येते, तिला कुणी मेंढपाळीण म्हणतं का?

जुनीपेटी: साक्रीकडे ठेलारी मेंढपाळांचे कळप जातात तेव्हा घोड्यावर संसार, पुढे मेंढरं आणि काखेत नुकतं जन्मलेलं कोकरू धरून बाई चालत असते. ती स्वतःला काय म्हणते, कुणी विचारलंय का कधी?

शब्दवेल: मेंढपाळ मधला "पाळ" वेगळा, त्याला "-क" नाही, त्यावरून पाळक सिद्ध होत नाही.