अनुभव धागा: कुरकुरणारा लाकडी जिना

पायरी का वाजते आणि ती गप्प कशी करायची, ते इथे लिहा. ‘सुतार बोलवा’ एवढंच नको, मापं द्या.

प्रतिसाद १
आवाजाची कारणं बहुतेक दोनच. लाकूड लाकडावर घासतं, नाहीतर सैल भोकात खिळा वरखाली होतो. एकाने सावकाश चढावं, दुसऱ्याने जिन्याखालून बॅटरी मारून हलणारा सांधा बघावा, खडूने खूण करावी. जुना खिळा पुन्हा ठोकू नका. भोक तेच, महिन्याभरात पुन्हा कुरकुर.

प्रतिसाद २
खालून हात पोचत असेल तर पायरी आणि तिच्याखालची उभी फळी यांच्या फटीत पाचरच. वाळलेल्या सागाची, टोकाला कागदाएवढी, मागे ५-६ मिमी. दोन्ही अंगांना फेविकॉल लावून हलकेच ठोका. फट भरली की ठोक्याचा आवाज भरीव येतो. तिथेच थांबा! आणखी दोन ठोके दिलेत तर पायरी उचलली जाते आणि शेजारचा सांधा बोलायला लागतो. उरलेलं पटाशीने छाटा. २४ तास त्या पायरीवर पाय नको.

प्रतिसाद ३
खालून पीओपी असेल तर वरून स्क्रू, ८ नंबर, ५० मिमी. पायरीच्या फळीत ४.५ मिमीचं भोक, खालच्या उभ्या फळीत ३ मिमीचं. दोन्हीकडे बारीकच पाडलंत तर आटे दोन्ही फळ्यांना धरतात आणि मधली फट तशीच राहते. पायरीची कड उभ्या फळीच्या किती पुढे आलीय ते आधी मोजा, नाहीतर स्क्रू नुसताच हवेत जाईल.

प्रतिसाद ४
वरचं सगळं उभी फळी असली तर. वाड्यातल्या बऱ्याच जिन्यांना ती नसतेच, पायऱ्या बाजूच्या तिरक्या फळ्यांच्या खाचेत बसवलेल्या असतात. तिथे पाचर खाचेत, पायरीच्या खालच्या अंगाने. पावसाळ्यात लाकूड फुगून आवाज आपोआप दबतो, त्याला फसू नका. काम दिवाळीनंतर काढा.

प्रतिसाद ५
भाड्याच्या घरात एवढा खटाटोप नको असेल तर फटीत शंखजिरे (टाल्क पावडर) भरा, जुन्या टूथब्रशने. तात्पुरतं, पण चालतं. तेल मात्र नको. धूळ धरतं, आणि तेल प्यायलेल्या लाकडाला पुढे फेविकॉल चिकटत नाही.
आणि हो, पायरीखाली रोज बारीक भुस्सा पडत असेल तर ती कीड आहे. तिथे पाचर-स्क्रू काही नको, आधी फळी टोचून बघा. टोच्या सहज आत गेला तर फळीच बदला.