वसईसाठी ‘राजवट’ की ‘अंमल’?

वसईच्या इतिहासावर माहितीपत्रक लिहितेय. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडार्डने घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती पुन्हा मराठ्यांकडे आली आणि पेशवाई संपल्यावर कायमची ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. सगळीकडे ‘राजवट’ लिहावं का?

प्रतिसाद : गॉडार्डसाठी नको. राजवट म्हटली की कायदा, वसूल, धर्मकारण अशी सगळी घडी बसलेली असते. पोर्तुगीजांची दोनशे वर्षं ही खरी राजवट. अजूनही वसईत परेरा, लोपीस आडनावांच्या घरांत कादोडी किंवा वाडवळी या मराठीच्या स्थानिक बोली बोलल्या जातात, इतकी ती मुरली. इंग्रजांचा १७८० नंतरचा तो ‘अंमल’. शब्द अरबीतला, मूळ अर्थ काम, कृती. अंमल बसतो आणि उठतोही. शिवाय ठाणं बसलं म्हणजे लगेच मुलखात अंमल बसला असं होत नाही. वसूल नव्या धन्याकडे यायला लागला की तो बसला.

प्रतिसाद : १७३९ साठी ‘द्वाही फिरली’ हा प्रयोग वापराच. नव्या धन्याच्या नावाने मुलखात पुकारा करणं म्हणजे द्वाही फिरवणं. किती नेमका शब्द आहे, आणि आपण तो जवळजवळ टाकून दिलाय! त्या विजयातली एक घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. खणखणीत आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात ते तिच्यावरूनच.

मूळ प्रश्नकर्ती : द्वाही घेतेच. मग १८०२ नंतर काय लिहू? ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने वसईतच तह केला, तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने इंग्रजांची फौज, पत्करली, पण गाव तर पेशव्यांचंच राहिलं.

प्रतिसाद : तिथे ‘इंग्रज अंमल’ लिहिलंत तर चूक ठरेल. वसूल आणि मामलत (मुलकी कारभार) पेशव्यांची, म्हणजे अंमल त्यांचाच. बाहेरच्या दरबारांशी बोलणी मात्र इंग्रजांच्या संमतीवाचून करता येत नव्हती. त्याला ‘वर्चस्व’ म्हणा. ‘इंग्रजी अंमल’ १८१८ पासून लिहा, आणि पुढे त्याचीच राजवट झाली असं खुशाल म्हणा.