हमुराबीच्या आधी उर-नम्मू

कुणीतरी लिहिलंय की जगातला पहिला लिखित कायदा हमुराबीचा, ते बरोबर नाही. हमुराबी बॅबिलोनचा राजा, इ.स.पू. १७५० च्या आसपासचा, आणि त्याच्या तीनेकशे वर्षं आधी सुमेरमधल्या (आजचा दक्षिण इराक) उर शहरात राजा उर-नम्मूच्या नावाने कायदे लिहिले गेले होते (काही अभ्यासक श्रेय त्याच्या मुलाला, शुल्गीला देतात), आत्तापर्यंत सापडलेल्यांत सगळ्यात जुने तेच. आणि मला त्यातली शिक्षेची पद्धत खरंच थक्क करते, म्हणजे हमुराबीकडे बरोबरीच्या माणसाचा डोळा फोडला तर तुमचाही फोडणार, इथे मात्र अर्धा मिना (मिना हे तिथलं वजनाचं माप) चांदी मोजून द्यायची, साधारण पाव किलो. खुनाला मृत्युदंड होताच, गुलामगिरीही होती, त्यामुळे रामराज्य वगैरे म्हणू नये. पण प्रस्तावनेत राजा सांगतो की मी अनाथाला श्रीमंताच्या आणि विधवेला बलवानाच्या ताब्यात जाऊ दिलं नाही, एक शेकेलवाल्याला एक मिनावाल्याच्या हाती, म्हणजे गरिबाला श्रीमंताच्या हाती दिलं नाही. चार हजार वर्षांपूर्वी हे मातीच्या पाटीवर कोरावंसं वाटलं, केवढी मोठी गोष्ट आहे ही!

एक मिना म्हणजे ६० शेकेल बरं का, तीच साठाची मोजणी पुढे बॅबिलोनी लोकांनी उचलली आणि आपल्या घड्याळापर्यंत आली.

सिंधू संस्कृतीशी संबंध होता का असंही कुणीतरी विचारलंय, तर हो, व्यापार नक्की होता. उरच्या शाही कबरींत सिंधू खोऱ्यातले कार्नेलियन या लाल दगडाचे नक्षीदार मणी सापडलेत.