मदत हवी आहे: लांब पल्ल्याच्या टार्गेट नेमबाजीसाठी पहिली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल

चांडलरकर

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

फिनिक्सच्या बाजूला राहतो, ग्रीन कार्ड आहे. .२२ रायफलवर १०० यार्डांपर्यंत हात बसला आहे. इथल्या बेन एव्हरी नेमबाजी केंद्रात १००० यार्डांची रेंज आहे, तिथल्या क्लबच्या स्पर्धांत उतरायचा विचार आहे. शिकार करायची नाही. काडतुसं सध्या तरी विकतचीच वापरणार, घरी भरणार नाही.

बजेट रायफल आणि स्कोप मिळून ३००० डॉलर. बर्गारा बी-१४ एचएमआर, टिक्का टी३एक्स सीटीआर आणि रुगर प्रिसिजन या तीन डोक्यात आहेत. कॅलिबर .३०८ विंचेस्टर घ्यावं की ६.५ क्रीडमूर? एक मित्र म्हणतो, थेट .३०० विंचेस्टर मॅग्नम घे, पुन्हा बदलायला नको. आणि पैशांची वाटणी कशी करू?

दशमांश

कॅलिबरच्या आधी स्पर्धा कोणती ते ठरवा, कारण नियमच अर्धं उत्तर देतात.

एफ-क्लासमध्ये पालथं पडून, बायपॉडवर किंवा रेस्टवर रायफल टेकवून कागदावर मारायचं असतं. त्यात दोन गट. एफ-टीआरमध्ये फक्त .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ चालतात, आणि बायपॉड-स्कोपसकट वजन ८.२५ किलोच्या आत लागतं. ६.५ क्रीडमूर घेऊन गेलात की तुम्ही आपोआप एफ-ओपनमध्ये. तिथे १० किलोंपर्यंतच्या, रुंद रेस्टवर ठेवलेल्या, .२८४ किंवा त्याहून ताकदीच्या रायफली समोर असतात, आणि त्यांचे मालक काडतूस स्वतः भरतात. फॅक्टरी रायफल आणि विकतचं काडतूस घेऊन त्या गटात तळाशीच राहाल. शिकण्यासाठी हरकत नाही, पण माहीत असावं.

पीआरएससारख्या (प्रिसिजन रायफल सिरीज) स्पर्धा वेगळ्या. पोलादी पाट्या, दर स्टेजला ठरावीक वेळ, पिंपावरून, कुंपणावरून मारायचं. तिथे ६.५ क्रीडमूर खुल्या गटात बिनधास्त चालतं.

.३०० मॅग्नम विसरा. झटका जास्त, काडतूस महाग, आणि दिवसाला ६०-७० फैरी मारल्या की नवशिक्या चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. ती सवय मोडायला वर्ष जातं.

पीळदार

वरच्या प्रतिसादाशी सहमत. आकडे देतो, म्हणजे फरक कळेल.

६.५ क्रीडमूर, १४० ग्रेनची गोळी (ग्रेन हे वजनाचं माप), नळीच्या तोंडाशी वेग सुमारे २७०० फूट प्रति सेकंद. १०० यार्डांवर झिरो केलं, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवली, तर १००० यार्डांसाठी स्कोप साधारण ९ मिल चढवावा लागतो (मिल हे कोनाचं माप, १०० यार्डांवर ३.६ इंच). .३०८, १७५ ग्रेन, २६०० फूट: ११ ते १२ मिल. पण खाली पडणं हा खरा त्रास नाही, ते गणित आहे, दरवेळी तेच येतं. त्रास वाऱ्याचा. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात १००० यार्डांवर ६.५ ची गोळी सुमारे ७५ इंच सरकते, .३०८ ची १०० इंचांच्या वर. म्हणजे वारा ताशी १ मैलाने चुकीचा वाचलात तर पहिलीची चूक साडेसात इंच, दुसरीची दहाच्या पुढे. एफ-क्लासच्या १००० यार्डांच्या टार्गेटवर १० गुणांचं वर्तुळ मुळात १० इंच व्यासाचं, मध्यापासून ५ इंच. हिशेब तुम्हीच करा.

.३०८ च्या बाजूने दोन गोष्टी. नळी ५००० फैरींपर्यंत सहज टिकते, ६.५ ची अचूकता २००० ते ३००० मध्ये उतरू लागते. आणि वाऱ्याचा धडा .३०८ कडक मास्तरासारखा शिकवतं. घ्यायचंच असेल तर १६८ ग्रेन सिएरा मॅचकिंग असलेली काडतुसं १००० यार्डांसाठी घेऊ नका. ती गोळी ३०० मीटरसाठी बनली होती. मागच्या निमुळत्या भागाचा कोन १३ अंश असल्यामुळे आवाजाच्या वेगाजवळ येताना ती डळमळते आणि टार्गेटवर आडवी भोकं दिसतात. १७५ घ्या.

स्वस्तात सराव हवा असेल तर .२२३ कडे दुर्लक्ष करू नका. ७७ ग्रेन गोळीवर ६०० यार्ड मस्त जातं, पण नळीचा पीळ १:८ (८ इंचांत एक वेढा) किंवा त्याहून घट्ट हवा. १:१२ पिळाची जुन्या धाटणीची नळी घेतलीत तर लांब गोळी स्थिर होतच नाही.

पेरीकर

रायफलींबद्दल लिहितो. तिन्ही १००० यार्डांना पुरतात, फरक बाकीच्या गोष्टींत आहे.

टिक्काची अ‍ॅक्शन तिन्हींत सर्वात गुळगुळीत. बोल्ट ७० अंशांतच उचलला जातो, त्यामुळे स्कोपच्या आयपीसला हात लागत नाही. चाप २ ते ४ पौंडांत जुळवता येतो. तोटे: रायफल हलकी, त्यामुळे झटक्यानंतर स्वतःची गोळी कुठे लागली ते स्कोपमधून दिसणं कठीण. मॅगझिनही टिक्काचंच लागतं, आणि ते महाग आहे.

बर्गारा एचएमआर जड आहे आणि टार्गेटसाठी तेच हवं. दस्त्यात अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, गालाची पट्टी वरखाली होते, दस्त्याची लांबी स्पेसर घालून बदलता येते. एआयसीएस या सर्रास मिळणाऱ्या धाटणीचं मॅगझिन चालतं. मुख्य म्हणजे अ‍ॅक्शन रेमिंग्टन ७०० च्या मापाची, त्यामुळे उद्या चाप किंवा चॅसिस (दस्त्याऐवजीचा धातूचा सांगाडा) बदलायचं झालं तर बाजारात ढीगभर पर्याय.

रुगर प्रिसिजन चॅसिससकटच येते, २० एमओए (हेही कोनाचं माप) उताराची रेल, म्हणजे स्कोप बसवायची पट्टी, लावलेली असते आणि नळी झिजली की हेडस्पेस गेज (काडतूस चेंबरमध्ये नीट बसतं का ते मोजायचं माप) घेऊन घरी बदलता येते. बोल्ट मात्र टिक्कानंतर हातात घेतला की खडखडाट वाटतो.

तुमच्या वापराला बर्गारा, ६.५ क्रीडमूर. एफ-टीआरच करायचं पक्कं असेल तर तीच .३०८ मध्ये. दुकानात मात्र तिन्ही हातात घेऊन बघा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. स्कोप मानेला ताण न देता समोर आला पाहिजे.

चांडलरकर

धन्यवाद! एफ-क्लास आणि पोलादी दोन्ही करून बघायचं आहे, म्हणून ६.५ कडेच कल आहे. आता स्कोप. मिल की एमओए? आणि रेलचं काय?

दशमांश

मिल की एमओए यात अचूकतेचा फरक नाही. फक्त रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा) आणि टरेट (नेम वरखाली, डावी-उजवीकडे करायच्या चाक्या) दोन्ही एकाच मापाचे हवेत. पोलादी स्पर्धांत शेजारचा माणूस "वारा पॉइंट सहा" म्हणाला की तो मिलमध्ये बोलत असतो, म्हणून मिल घ्या. फर्स्ट फोकल प्लेन घ्या, म्हणजे झूम कितीही ठेवला तरी रेटिकलचं माप बरोबर राहतं.

पैशांची वाटणी: रायफल १०००-१२००, स्कोप तेवढाच. उरलेल्यात रिंग, २० एमओए रेल, बायपॉड, मागची वाळूची पिशवी, टॉर्क रेंच आणि पहिली २०० काडतुसं. मॅच काडतूस दीड ते अडीच डॉलरला एक पडतं. रायफलवर सगळे पैसे घालवून सराव बंद पडलेले लोक प्रत्येक क्लबात सापडतात.

रेलचं गणित असं. स्कोपचं एकूण एलेव्हेशन (वरखाली फिरण्याची मर्यादा) २० मिल असेल तर सपाट रेलवर वरच्या दिशेला साधारण निम्मं, म्हणजे १० मिल मिळतं. तुम्हाला ९ लागणार. काठावर पास, आणि टोकाला गेलं की काही स्कोपची बाजूची हालचालही कमी होते. २० एमओएची रेल पुढे तेवढी उतरती असते; २० एमओए म्हणजे ५.८ मिल, तेवढं वर वाढतं. बर्गारासाठी रेल वेगळी घ्यावी लागेल.

बसवताना:

रेल आणि रिंगचे स्क्रू आधी तेलमुक्त करा. रिंगच्या वरच्या टोप्यांना १५ ते १८ इंच-पौंड, त्याहून जास्त नाही, नाहीतर नळकांडं दबतं आणि पॅरॅलॅक्सची (अंतरानुसार फोकस जुळवायची) चाकी जड होते. अ‍ॅक्शनच्या आणि रेलवरच्या रिंगच्या स्क्रूंना कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला टॉर्क द्या. दोन्ही बाजू आलटून पालटून कसा, दोन्हीकडची फट सारखी दिसली पाहिजे.

रेटिकल ओळंब्याला जुळवा आणि स्कोपवर बुडबुड्याची लेव्हल लावा. रायफल १ अंश कलली तर ९ मिलवर गोळी १००० यार्डांना साडेपाच इंच बाजूला जाते. लोक वाऱ्याला शिव्या देतात, दोष कलण्याचा असतो.

नंतर टरेट खरंच मोजतं का ते तपासा. १०० यार्डांवर उंच कागद, त्यावर ओळंब्याने आखलेली उभी रेघ. खालच्या ठिपक्यावर नेम धरून पाच गोळ्या, मग १० मिल चढवून त्याच ठिपक्यावर नेम धरून पाच. दोन ग्रुपच्या मध्यांत बरोबर ३६ इंच हवेत. ३५ आले तर स्कोप परत करा किंवा तो फरक बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये घाला.

पीळदार

अ‍ॅरिझोनात एक जास्तीची काळजी: उन्हाळ्यात काडतुसं गाडीत ठेवू नका. दारू तापली की दाब आणि वेग दोन्ही वाढतात. वेगात ३० फुटांचा फरक पडला तरी १००० यार्डांवर ७-८ इंच वरखाली. बोल्ट उचलायला जड जाऊ लागला किंवा केसच्या बुडावर चकचकीत ठसा दिसला, तर त्या काडतुसांनी थांबा. भरलेलं काडतूस तापलेल्या चेंबरमध्येही पडून राहू देऊ नका. बोल्ट बंद करायचा तो नेम धरल्यावरच.

खोक्यावर छापलेल्या वेगावर विसंबू नका, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) कोणाकडून तरी उसना घ्या. आणि ग्रुप तीन गोळ्यांचा मोजू नका. तीन गोळ्यांत कुठलीही रायफल अर्ध्या इंचाची दिसते. दहाचा मोजा. १०० यार्डांवर दहा गोळ्या एका इंचाच्या आसपास बसल्या तर रायफल चांगली आहे, काही बदलू नका.

मझल ब्रेक (झटका कमी करायला नळीच्या तोंडाला लावतात तो भाग) एफ-क्लासमध्ये चालत नाही. पोलादी स्पर्धांसाठी लावलात तर कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही.

कोथरूडचा_नेम

वाचतोय. भारतात यातलं काय शक्य आहे?

पेरीकर

१००० यार्डांचा विचार तिथे सोडा. भारतात बोल्ट-अ‍ॅक्शन टार्गेट नेमबाजी म्हणजे मुख्यतः ५० मीटर .२२. नेमबाज स्वप्निल कुसाळेंचं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं कांस्य ५० मीटर थ्री पोझिशन्समधलंच. सुरुवात १० मीटर एअर रायफलने करा. पुण्यात बालेवाडीची रेंज आहे. परवाना आणि .२२ ची वाट राज्य संघटनेमार्फत, स्पर्धांतल्या गुणांवरून पुढे जाते.

नवा_सभासद

मी एच-१बी वर आहे. मलाही ही रायफल घेता येईल का?

दशमांश

नुसत्या एच-१बी वर नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक विकत घेणंच नव्हे, जवळ बाळगणंही केंद्रीय कायद्याने बंद आहे. रेंजवर मित्राची हातात घेतली तरी ते बाळगणंच धरलं जाऊ शकतं. कायद्यात काही अपवाद आहेत. त्यातला सर्रास वापरला जाणारा म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. तो दाखवून दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म) भरता येतो, पुढे नेहमीसारखी पार्श्वभूमी तपासणी होते. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो आणि रायफल घरात असणं गुन्हा ठरतो, म्हणून नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. व्हिसाचा प्रश्न असल्यामुळे पैसे भरण्याआधी वकिलाला एकदा विचारा.