मदत हवी आहे: एव्हरेस्टचा विमानातून काढलेला फोटो, ३ एप्रिल १९३३ चा की १९ एप्रिलचा?

नमस्कार मंडळी,

परवा पुण्याच्या जुन्या बाजारात पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एका इंग्रजी वर्तमानपत्राचं अर्धं पान मिळालं. ऐंशी सांगत होता, साठला दिलं. नेमका तारखेचा भाग कापलेला. फोटोत शिखर, त्यावरून एका बाजूला उडणारा बर्फाचा पिसारा, डाव्या कोपऱ्यात विमानाच्या पंखांमधली तार. खालच्या ओळीत 'ह्यूस्टन मोहीम' आणि '२९,००२ फूट' एवढंच लागतं.

लेडी ह्यूस्टनच्या पैशावर निघालेल्या या मोहिमेची वेस्टलँडची दोन दुपंखी विमानं बिहारमध्ये पूर्णियाजवळच्या लालबालूहून ३ एप्रिल १९३३ ला उडाली आणि एव्हरेस्टवरून जाऊन आली. बातमी नि फोटोंचे हक्क लंडनच्या 'टाइम्स'कडे होते. कौतुक वैमानिकांचं होतं, क्लाइड्सडेल आणि मॅकिन्टायरचं. मला मागे बसलेल्या दोघांचं जास्त वाटतं. ब्लॅकर त्या थंडीत विमानाच्या तळाच्या झडपेतून फोटो काढत होता. दुसऱ्या विमानात सिनेमावाल्या बॉनेटचा पाय ऑक्सिजनच्या नळीवर पडला, नळीला चीर गेली. पठ्ठ्याने तिला रुमाल बांधला आणि बेशुद्ध पडला! विमान खाली आल्यावर शुद्धीवर आला.

पहिल्या दिवशी धुरळ्यामुळे नकाशासाठीचे फोटो वाया गेले, म्हणून १९ तारखेला, वरून मनाई असतानाही, पुन्हा उड्डाण झालं. माझ्याकडचा फोटो यातल्या कुठल्या दिवशीचा, हे कशावरून ठरवावं? आणि हे पान पुठ्ठ्यावरून सोडवता येईल का? खळीने चिकटवलंय बहुतेक, कडेला झुरळांनी कुरतडलंय.

जुनीपाने: पान ओलं करू नका, हात जोडून सांगतो. असला कागद पाण्यात लगदा होतो. जुन्या कागदांचं काम करणाऱ्या माणसाला आधी दाखवा. २९,००२ ही जुनी उंची. २९,०२८ पन्नाशीच्या दशकात आली, म्हणजे निदान नंतरचं पुनर्मुद्रण नसावं. धुरळ्यावरून मात्र दिवस ठरवायला जाऊ नका. तो साधारण १९ हजार फुटांपर्यंतच होता, शिखरं त्याच्या वर होती. पानाची मागची बाजू दिसते का?

धागाकर्ता: पुठ्ठा जाड आहे, टॉर्च मारून काही दिसेना. पण एक कोपरा सुटलाय. त्याच्यामागे बारीक टाइपात 'लॉर्ड्स' आणि धावांचे आकडे!

जुनीपाने: वा! विलायतेत क्रिकेटचा हंगाम एप्रिलअखेर-मेमध्ये सुरू होतो. म्हणजे पान १९ तारखेनंतरचं असायची शक्यता बरीच. पण तेवढ्यावरून फोटोही १९ चाच म्हणू नका, पहिल्या उड्डाणातला फोटो मागाहूनही छापला असेल. मुंबईला एशियाटिकच्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं आहेत, तिथे विचारा. मूळ पान सापडलं तर फोटोखालची पूर्ण ओळ वाचता येईल.

धागाकर्ता: शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो. मेपासून सुरुवात करून मागे एप्रिलकडे येतो. कोपऱ्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय, तेवढे धावांचे आकडे जुळले तरी पुरे.